कलावंताचा संसार (भाग 5): परवडणारी खोली, मिळणारी भिंत

मागच्या भागात रंग, कॅनव्हास आणि फ्रेम यांच्या खर्चाचा हिशेब मांडला होता. आज त्याआधीचा प्रश्न घेऊ. चित्र काढायचं कुठे, आणि काढलेलं टांगायचं कुठे?

चित्रकारांच्या चरित्रांत प्रतिभा आणि साधना पानोपानी भेटतात, भाडेपावती क्वचितच दिसते. माझं मत स्पष्ट आहे. 1940 नंतरच्या तीस वर्षांत मुंबईत आधुनिक चित्रकला बहरली, त्यात प्रतिभेइतकाच वाटा स्वस्त जागांचा आणि त्या जागा मिळवून देणाऱ्या माणसांचा होता.

के. एच. आरा यांचंच पाहा. जन्म 1914 चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. पोरवयातच ते घर सोडून मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले, पुढे मोटारी धुण्याची नोकरी केली. रूडी फॉन लायडन या कलासमीक्षकाच्या नजरेस त्यांची चित्रं पडली आणि शिकण्याची वाट मोकळी झाली. 1942 मध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं, ते एका उपाहारगृहात. जहांगीर आर्ट गॅलरी तेव्हा नव्हतीच, ती 1952 ची. 1947 साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर आरांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझांना जे.जे. कलाशाळेतून काढून टाकलेलं होतं, हुसेन सिनेमाचे फलक रंगवत आले होते. घरचा पैसा किंवा मोठी ओळख यांपैकी कुणाकडेच काही नव्हतं, म्हणून ते एकत्र आले. गट फार वर्षं टिकला नाही, पण एकेकट्याला जे दार उघडलं नसतं ते सहा जणांच्या रेट्यानं उघडलं. पुढे रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरचं काम आरांनी वर्षानुवर्षं सांभाळलं आणि नव्या मुलांना हात दिला. मला त्यांच्या चित्रांइतकंच हे काम मोठं वाटतं.

याच काळात केकू गांधी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या फ्रेमच्या दुकानात या मंडळींची चित्रं लावत होते. युरोपातून नाझींमुळे परागंदा होऊन आलेले वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्यापैकी एकाच्या घरी चित्रकारांना चर्चा मिळे, दुसऱ्याकडून चित्राचे पैसे. पहिलं गिऱ्हाईक मिळणं म्हणजे पुढच्या महिन्याचं काम चालू राहणं.

पण सगळ्यांत शिकण्यासारखी जागा म्हणजे वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा खटला लढवणाऱ्या भुलाभाईंचा हा समुद्राकाठचा बंगला. त्यांच्या मागे माधुरी देसाई आणि सोली बाटलीवाला यांनी तो कलावंतांना खुला केला. नाममात्र भाड्यात स्टुडिओ मिळत. वासुदेव गायतोंडे तिथे काम करत, हुसेन करत, गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, करत, आणि नसरीन मोहमदीही. नाट्यदिग्दर्शक अल्काझींचे नाट्यवर्ग तिथे चालत, रविशंकरांची सतारही तिथे वाजे. विजया मेहतांच्या 'रंगायन'नं मराठी रंगभूमीला जे नवं वळण दिलं, त्याच्या तालमींनाही याच वास्तूचा आधार होता. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या गायतोंड्यांना मोठा कॅनव्हास उभा करायला भिंत लागत होती, ती इथे मिळाली. शेजारच्या खोलीत नाटकाची तालीम, पलीकडे कुणाचं तरी शिल्प. असा शेजार कोणत्याही अभ्यासक्रमात बसवता येत नाही. पुढे बंगला गेला आणि त्या जागी उंच इमारत आली. त्याच्या तोडीची जागा मुंबईनं पुन्हा उभी केली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

संस्थेच्या पातळीवर एक उदाहरण होमी भाभांचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बांधकाम खर्चाचा एक टक्का चित्र-शिल्पांवर खर्च करण्याची त्यांनी परवानगी मिळवली आणि मुंबईच्या तरुण चित्रकारांची कामं विकत घेतली. कुणाच्या मर्जीपेक्षा असा ठरलेला नियम कलावंताला जास्त उपयोगी पडतो, कारण त्याच्या भरवशावर तो पुढचं वर्ष आखू शकतो.

आता आजचं. जहांगीरमध्ये निवड होऊन तारीख मिळेपर्यंत वर्षं जातात. अर्ज सर्वांना खुला आहे हे खरं. पण सावंतवाडी किंवा चंद्रपूरच्या मुलीला गॅलरीच्या भाड्याशिवाय चित्रांची वाहतूक, फ्रेम आणि आठवडाभर मुंबईत राहण्याचा खर्चही उचलावा लागतो. ज्याचं मुंबईत घर आहे त्याच्यासाठी तोच अर्ज कितीतरी स्वस्त पडतो. म्हणून संधी न्याय्य आहे की नाही, हे मी प्रवासखर्च कोण देतं यावरून ठरवते. खासगी गॅलरी विक्रीतला तिसरा ते निम्मा वाटा घेते. त्यात गैर काही नाही, पण तो आकडा आणि पैसे देण्याची मुदत लेखी हवी. नवोदितांकडून 'सहभाग शुल्क' घेऊन वीस-पंचवीस जणांची चित्रं एका भिंतीवर दाटीवाटीनं लावणाऱ्या प्रदर्शनांपासून मात्र लांबच राहावं. तिथे आयोजकाची कमाई चित्र विकण्याआधीच झालेली असते, मग तो गिऱ्हाईक कशाला शोधेल?

कायदाही पुरेसा नाही. 1994 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात 53अ हे कलम आलं. चित्र दहा हजारांवर पुन्हा विकलं गेलं तर मूळ कलावंताला किंवा वारसांना कमाल 10 टक्क्यांपर्यंत वाटा मिळावा, अशी ती तरतूद. ती जवळजवळ कागदावरच राहिली. गायतोंडे 2001 मध्ये गेले. त्यांचं एक चित्र 2013 साली मुंबईतल्या लिलावात 23 कोटी 70 लाखांना गेलं. दिल्लीला गेल्यानंतरची त्यांची बरीच वर्षं एका साध्या भाड्याच्या जागेत सरली होती.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या वाचनालयाचं वरचं सभागृह, शाळेची सुटीतली रिकामी खोली, दवाखान्याची प्रतीक्षागृहाची भिंत, यांतलं काही तुमच्या हाती असेल तर वर्षातला एक महिना फक्त वीजबिलाच्या मोबदल्यात एखाद्या तरुण चित्रकाराला द्या. कोणत्या तारखा, कोणत्या अटी, विक्री झाली तर पैसे कुणाचे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. तो कागद कसा असावा, ते पुढच्या आठवड्यात पाहू.