मोबाइलवरील अदृश्य फड

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत भेटावयास आले. गृहस्थ शेतकरी, लासूर स्टेशनच्या बाजारांत कांदा उतरवून तसेच आले होते. त्यांचा प्रश्न असा कीं, मुलगा मोबाइलवर लढाईचा जो खेळ खेळतो, त्यांत पहिल्या आठवड्यांत तो वीस-वीस शत्रु लोळवीत असे. आतां दोन मिनिटेंही टिकत नाहीं, आणि याचा सारा दोष तो मोबाइलला देतो. नवा महाग मोबाइल घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें त्याचें म्हणणें. "गुरुजी, हें खरें आहे काय?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देणें त्या वेळीं जमलें नाहीं. मोबाइल बिचारा निर्दोष होता. परंतु दोष कोणाचा हें सांगण्यास त्या खेळाच्या पडद्याआडचा कारभार उलगडून दाखविणें भाग होतें. तोच येथें इतर पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठीं मांडीत आहें. असले खेळ चांगले कीं वाईट, या वादांत शिरण्याचा हेतु नाहीं. त्या विषयावर मुलांनीं पुष्कळ ऐकलें आहे, व ऐकून पुष्कळ विसरलेंही आहे.

जत्रेंतील कुस्त्यांचा फड आपल्या भागांतील बहुतेकांनीं पाहिलेला असतो. फडांत उतरणारा मल्ल नुसती कुस्ती मागत नाहीं. जोडीची कुस्ती मागतो. पंच दोघांस समोरासमोर उभे करतात, अंगलट पाहतात, कोण कोणत्या तालमीचा हें विचारतात, आणि मग जोड लावतात. जत्रा मोठी व मल्ल पुष्कळ असले म्हणजे बरोबरीची जोड चटकन् लागते. मल्ल थोडे असले म्हणजे पंचांस एक तर आलेल्यास ताटकळत ठेवावें लागतें, नाहीं तर पोरसवद्या गड्यासमोर मुरलेला मल्ल उभा करावा लागतो. दोहोंपैकीं कांहींही केलें तरी कोणी तरी रुष्ट होऊन घरीं जातो, आणि पुढील वर्षीं जत्रेंत मल्ल आणखी कमी येतात.

मोबाइलवरील खेळांत पंचाचें हें काम सर्व्हर करतो. सर्व्हर म्हणजे खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या ताब्यांतील संगणक. आपल्या हातांतील मोबाइल ही केवळ खिडकी होय. मैदानाचीं चित्रें तीमध्यें दिसतात खरीं; परंतु कोणता खेळाडू कोठें उभा आहे, कोणाची गोळी कोणास लागली, याचा निवाडा सर्व्हरवर होतो, व जोड लावण्याचें कामही तोच करतो. खेळाडूची अपेक्षा मात्र जत्रेंतील मल्लाहून अधिक असते. त्यास गडी लगेच हवा. तो बरोबरीचा हवा. तो खरा मनुष्य हवा. आणि खेळ अडखळतां कामा नये. या चारही गोष्टी एकाच वेळीं देणें फार मोठ्या गर्दीवांचून कोणत्याही कंपनीस शक्य नाहीं. ही गर्दी किती लागते, याचा हिशेब मनोरंजक आहे.

आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचा असलेला बीजीएमआय हा खेळ घेऊं. त्याच्या मोठ्या डावांत १०० गडी एका मैदानांत उतरतात, व जो एकटा किंवा जी तुकडी शेवटपर्यंत उरते ती जिंकते. आतां कल्पना करा कीं, एखाद्या सायंकाळीं असल्या खेळाच्या सर्व्हरवर २०,००० लोक खेळत आहेत. एवढ्या लोकांनीं आपलें गांव भरून जाईल, तेव्हां गड्यांस काय तोटा, असें वाटेल. परंतु हे सारे एका रांगेंत उभे नसतात. कोणास एकट्यानें खेळावयाचें असतें, कोणास दोघांनीं, कोणास चौघांनीं. हे ३ प्रकार झाले. मैदानें ४ धरूं. खेळाडूच्या पाठीमागून पाहावयाचें कीं त्याच्याच डोळ्यांनीं, हे आणखी २. शिवाय कांस्यापासून वर चढत जाणाऱ्या ८ पायऱ्या. यांचा गुणाकार केला म्हणजे १९२ कप्पे होतात. बरें, बहुतेक लोक डावांत अगोदरच गुंतलेले असतात. एक डाव सरासरी २० मिनिटें चालतो असें धरलें, तर दर मिनिटास नवा डाव मागणारे १,००० निघतील. म्हणजे दर कप्प्यास मिनिटाला सुमारें ५. शंभर गडी जमण्यास २० मिनिटें लागतील! फलाटावर गाडीची वाट तेवढा वेळ आपण खुशाल पाहतों. हातांत मोबाइल असलेला मुलगा दोन मिनिटांत कंटाळतो.

यावर कोणी विचारील कीं, साऱ्या जगांतील लोक एकत्र कां करूं नयेत? येथें अंतर आड येतें. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. आपल्यापासून मुंबई सुमारें ३०० किलोमीटर. तेथील सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन उत्तर परत येण्यास प्रकाशाला ३ सहस्रांश सेकंद पुरतात. मुंबईहून सिंगापूर सुमारें ३,९०० किलोमीटर. तेथपर्यंत जाऊन येण्यास सुमारें ४० सहस्रांश सेकंद तरी हवेतच. प्रत्यक्षांत वाटेंत ठिकठिकाणीं संदेशास थांबावें लागतें, जशी पॅसेंजर गाडी स्टेशनोस्टेशनीं थांबते, त्यामुळें विलंब याहून पुष्कळ अधिक होतो. मुलें या विलंबास 'पिंग' म्हणतात. गावांत मोबाइलचा टॉवर दूर असला किंवा एकाच टॉवरवर पुष्कळ लोक असले, म्हणजे सारा विलंब घराच्या अंगणांतच होतो. त्यास सर्व्हर काय करणार?

आतां बरोबरीच्या जोडीविषयीं. बुद्धिबळांत खेळाडूचें बळ अंकांत मोजण्याची पद्धति आर्पाद एलो या हंगेरींत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकानें बसविली, व जागतिक बुद्धिबळ संघटनेनें ती १९७० सालीं स्वीकारली. त्या गणिताप्रमाणें दोघांत २०० अंकांचें अंतर असेल, तर वरचढ खेळाडूस शंभर डावांत सुमारें ७६ गुण मिळावे. ४०० चें असेल तर सुमारें ९१. ऑनलाइन खेळांतील पुष्कळ सर्व्हर याच जातीच्या गणितानें जोड लावतात. परंतु या न्यायाची एक बाजू मुलांच्या ध्यानांत येत नाहीं. जोड जितकी बरोबरीची, तितकें जिंकणें कमी! दोघांच्या खेळांत बरोबरीचा गडी मिळाला तर निम्मे डाव हरावयाचे. १०० बरोबरीचे गडी एकट्या-एकट्यानें उतरले, तर प्रत्येकाच्या वांट्यास शंभर डावांत एक विजय. चौघांच्या २५ तुकड्या असल्या तर पंचविसांत एक. न्याय हवा असें प्रत्येक खेळाडू म्हणतो, आणि तो मिळाला म्हणजे अन्याय झाला अशी ओरड करतो. हा मनुष्यस्वभाव मोबाइलच्या पूर्वींपासूनचा आहे.

शंभरांत नव्याण्णव वेळां हरणारा नवशिका फार दिवस टिकत नाहीं. तो गेला कीं, त्याच्या वरच्या पायरीवरील गडी सर्वांत खालचा ठरतो व तोही जातो. गर्दी ओसरते, वाट पाहणें वाढतें, त्यामुळें आणखी लोक जातात. या ओहोटीस आळा घालण्यासाठीं कंपन्यांनीं जी युक्ति काढली तिचें नांव बॉट. बॉट म्हणजे मनुष्यासारखें नांव व पोशाख धारण केलेलें, परंतु यंत्रानें चालविलेलें बाहुलें. तें रिकाम्या जागा भरतें, उघड्यावर उभें राहतें, नेम चुकवितें आणि मुकाट्यानें मरतें. बीजीएमआयचा मूळ खेळ जो पबजी, त्याच्या कर्त्यांनीं संगणकावरील आवृत्तींत बॉट घालतांना २०२० सालीं त्याचें कारण उघडपणें सांगितलें होतें: मुरलेले व नवे यांतील अंतर वाढलें असून नव्यांस तग धरतां यावा. कारण पटण्यासारखें आहे. माझी तक्रार एवढीच कीं, समोरचा बॉट आहे हें खेळणाऱ्या पोरास कोणी सांगत नाहीं. मेजवानींत पाटावर बाहुल्या बसवून पंगत भरली, तर यजमानानें निदान तसें म्हणावें.

वरील विद्यार्थ्याचें कोडें येथें सुटतें. पहिल्या आठवड्यांत त्यानें लोळविलेल्या वीसांपैकीं बहुतेक बाहुलीं होतीं. तो वरच्या पायऱ्या चढला, तसतशीं तीं कमी झालीं व तीं जागा माणसांनीं घेतली. मोबाइल तोच, बोटें तींच. फड बदलला होता.

गर्दी थोडी पडली म्हणजे होणारा त्रास सांगितला. गर्दी अति झाली म्हणजेही त्रास असतोच. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या अमेरिकन खेळांत प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक स्वतंत्र जग असे, आणि खेळाडू आपलें जग निवडीत असे. त्या खेळाचें जुनें रूप ऑगस्ट २०१९ मध्यें पुन्हां सुरू झालें, तेव्हां कांहीं जगांच्या दारांशीं हजारों लोकांच्या रांगा लागल्या. शेजारचीं जगें मोकळीं आहेत, तेथें जा, असें कंपनी सांगत होती. तरी बरेच लोक गर्दीच्या दारांतून हालले नाहींत. आज मोकळें असलेलें जग उद्यां ओसाड पडेल, ही भीति. आणि ती भीतिच पुढें खरी ठरते. कारण सर्वांनीं भरलेलें जग निवडलें म्हणजे मोकळें जग ओसाड पडणारच. दोन हॉटेलें शेजारीं असतां परगांवचा मनुष्य ज्यांत चार माणसें बसलेलीं दिसतील त्यांतच शिरतो, तसें हें आहे.

गर्दी क्षणांत नाहींशी होण्याचा प्रसंग आपल्या देशांतही घडला. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत मोबाइलवरील पबजी होता. वर्षानुवर्षें चढलेल्या पायऱ्या व जमविलेले सोबती एकाएकीं तुटले. २ जुलै २०२१ रोजीं तोच खेळ बीजीएमआय या नांवानें आला, २८ जुलै २०२२ ला दुकानांतून पुन्हां काढला गेला, व मे २०२३ च्या अखेरीस परतला. परततांना त्यावर वेळेची मर्यादा होती: १८ वर्षांखालील मुलांस दिवसाला ३ तास, इतरांस ६. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीनें ऑक्टोबर २०२४ मध्यें 'इंडस' हा स्वदेशी खेळ काढला, त्यासाठीं आगाऊ नांवें नोंदविणारे एक कोटीहून अधिक होते. परंतु नांव नोंदविणें निराळें, आणि मंगळवारीं रात्रीं साडेआठास त्याच कप्प्यांत हजर असणें निराळें. नव्या खेळाची खरी कसोटी ही दुसरी.

ही साडेआठाची गोष्ट पालकांसाठीं मुद्दाम सांगितली. सायंकाळीं गर्दी अधिक, म्हणून जोड लवकर व चांगली लागते. अभ्यासाची वेळही नेमकी तीच, म्हणून घरोघरीं तंटा. "थांबव तो खेळ," असें आई म्हणते तेव्हां मुलगा "थांबवतां येत नाहीं" म्हणतो. तो उद्धटपणा नसून वस्तुस्थिति आहे. इतर ९९ जण थांबलेले नसतात, आणि तो उठला तर तुकडींतील तिघे उघडे पडतात. "हा डाव संपला कीं ऊठ," असें म्हटलें तर अर्ध्या तासाच्या आंत तो उठूं शकतो, व तेवढा शब्द त्याच्याकडून घेतां येतो. मात्र नवा डाव सुरू होण्यापूर्वीं तें म्हणावें लागतें.

त्या शेतकरी गृहस्थांस मीं हें सारें फळ्यावर आंकडे मांडून सांगितलें. १९२ पर्यंतचा गुणाकार त्यांनीं माझ्याआधीं तोंडानें केला. मोबाइल घेतला नाहीं. मुलगा दोन दिवस रुसला, व मग वर्गांत येऊन मला विचारूं लागला कीं बॉट ओळखावा कसा. आतां तो मेला म्हणजे लगेच नवा डाव मागत नाहीं; ज्यानें मारलें त्याचा खेळ शेवटपर्यंत पाहत बसतो. परवां मधल्या सुटींत त्यानें आपण होऊन हिशेब दिला: "सहा मारले, सर, त्यांत खरे दोन."