शाळेचा हिशेब (भाग 5) : नोटीस कुणाला, जागा कुणाकडे

बेळगावला जिल्हाधिकारी एक, पण शिक्षण खात्याचे जिल्हे दोन. बेळगाव शहर व तालुका, खानापूर, बैलहोंगल, कित्तूर, रामदुर्ग, सौंदत्ती हे बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात. निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग, हुक्केरी, गोकाक, मुडलगी हे चिकोडीत. दोन्हीकडे स्वतंत्र उपसंचालक. त्यांना आपण सगळे ‘डीडीपीआय’च म्हणतो. राज्यात असे 35 शैक्षणिक जिल्हे आहेत आणि दहावीचा निकाल लागला की त्यांची क्रमवारी छापून येते. 2024 मध्ये चिकोडी 25व्या जागी होता, निकाल 69.82 टक्के. बेळगाव 29व्या जागी, 64.93 टक्के. शेवटचा यादगीर, 50.59.

मागच्या भागात आपण शाळेच्या दारापर्यंतचा जाब पाहिला. आज एक पायरी वर जाऊ. अख्खा जिल्हाच मागे पडला, तर कोण कुणाला काय विचारतं?

कागदावर उत्तर सोपं आहे. आयुक्त उपसंचालकांना विचारतात, उपसंचालक बीईओंना (गटशिक्षणाधिकाऱ्यांना), बीईओ मुख्याध्यापकांना आणि मुख्याध्यापक विषयशिक्षकांना. मे 2025 मध्ये ही साखळी चांगलीच खडखडली. त्या वर्षी दक्षिण कन्नडचा निकाल 91.12 टक्के लागला आणि कलबुर्गीचा 42.43. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी महिनाअखेरच्या बैठकीत, 60 टक्क्यांच्या खाली राहिलेल्या जिल्ह्यांच्या उपसंचालकांना नोटिसा काढा आणि खुलासा समाधानकारक नसेल तर निलंबित करा, असं सांगितलं. अशी नोटीस वरून निघाली की खाली येताना तिच्या प्रती वाढत जातात. जूनमध्ये शाळा सुरू होईतो ती गणिताच्या शिक्षकाच्या टेबलावर पोचलेली असते. बहुतेक वेळा खुलाशातली वाक्यं ठरलेली असतात : मुलं गैरहजर, पालक उदासीन, जादा तास घेतले जातील.

पण ज्या आकड्यावर हे सगळं उभं आहे, तो कितपत भरवशाचा? चित्रदुर्गकडे पाहा. 2023 मध्ये 96.80 टक्के निकालासह तो राज्यात पहिला आला. पुढच्याच वर्षी 72.85 टक्क्यांवर घसरून 21वा. बारा महिन्यांत एखाद्या जिल्ह्यातलं शिकवणं इतकं बिघडत नाही. बदलली होती ती परीक्षा. 2024 पासून परीक्षा केंद्रांवर कॅमेरे बसले, वेबकास्टिंग सुरू झालं. राज्याचा निकाल 83.89 वरून 73.40 वर आला आणि तोही सवलतीचे गुण 10 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर नेल्यानंतर. पुढच्या वर्षी ती सवलत गेली. 2025-26 साठी उत्तीर्णतेची रेषाच 35 वरून 33 टक्क्यांवर आणली गेली. आता निकाल वाढला, तर त्यातलं किती श्रेय उपसंचालकांचं आणि किती त्या दोन टक्क्यांचं? मला तरी हे वेगळं काढता येणार नाही. ते काढून दाखवणारा तक्ता खात्याने निकालासोबत द्यायला हवा.

अमेरिकेने हा खेळ आपल्या आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर खेळून पाहिला. 2002 च्या जानेवारीत तिथे एक कायदा झाला : 2014 पर्यंत प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात ठरलेल्या पातळीला पोचलंच पाहिजे. सलग दोन वर्षं उद्दिष्ट चुकलं की शाळेवर शिक्का, मग मुलांना दुसऱ्या शाळेत जाण्याची मुभा, मग जादा शिकवणी आणि शेवटी शाळेची पुनर्रचना. काही राज्यांनी पातळीच खाली आणली. अटलांटात त्याहून वाईट घडलं. 2011 च्या चौकशी अहवालात 44 शाळांमध्ये गडबड आढळली आणि 178 शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. मुलांच्या उत्तरपत्रिकांमधल्या चुका मोठ्या माणसांनीच खोडून दुरुस्त केल्या होत्या. 2014 उजाडलं, उद्दिष्ट गाठलं गेलं नाही आणि 2015 च्या डिसेंबरात नवा कायदा आला.

तरी त्या बदनाम कायद्यातली एक गोष्ट मला सीमाभागासाठी मोलाची वाटते. त्याने सरासरीच्या आड लपायला बंदी केली होती. शाळेचा एकूण निकाल चांगला असून भागत नसे. गरीब मुलांचा, अपंग मुलांचा, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांचा निकाल वेगळा मांडावा लागे. त्यातला एक गट मागे पडला तरी शाळा मागे पडली, असं धरत.

आपल्याकडे उपसंचालकांना नोटीस निघते ती जिल्ह्याच्या एकूण टक्केवारीवर. चिकोडीच्या आकड्यात निपाणीची तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईची मुलगी आहे, अथणीच्या ऊसवाल्याचा मुलगा आहे, मराठी माध्यमाचं हायस्कूल आहे आणि गोकाकचं कन्नड माध्यमाचंही. खानापूरच्या जंगलपट्टीतलं, कणकुंबीकडचं पोर आणि बेळगाव कॅम्पातल्या इंग्रजी शाळेतलं पोर एकाच टक्केवारीत मिसळतात. मराठी माध्यमाची मुलं जिल्ह्याच्या निकालापेक्षा दहा टक्क्यांनी खाली असली, तरी त्यासाठी कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. दहा टक्क्यांनी वर असली, तरी त्यांच्या शिक्षकांची पाठ कुणी थोपटत नाही.

आणि मराठी माध्यमाची अडचण वेगळी आहेच. विज्ञानाचे सर बदलून गेले, तर त्यांच्या जागी मराठीतून विज्ञान शिकवणारा माणूस लागतो. मिळेल तो चालत नाही. त्यातच कर्नाटकच्या 2015 च्या कायद्याने कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सर्व शाळांत सक्तीची केली. त्या सक्तीबद्दल सीमाभागाचं म्हणणं सर्वांना ठाऊक आहे, 1986 पासून ठाऊक आहे, ते इथे उगाळत नाही. पण भाषा सक्तीची केल्यावर ती शिकवणारा माणूस देणं हे सक्ती करणाऱ्याचंच काम. मराठी घरातल्या मुलाला दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकवणं हे वेगळं कसब आहे. ते शिक्षक नेमणं ना मुख्याध्यापकांच्या हातात, ना बीईओंच्या. पदं मंजूर होतात बेंगळुरूत, भरतीची जाहिरात निघते बेंगळुरूत. जिल्ह्याच्या हातात उरतो तो अतिथी शिक्षक. दोष मोजायची पट्टी खाली आणि दुरुस्तीची चावी वर, अशी ही रचना आहे.

कायद्याला हे सुचलं नव्हतं असं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 26 म्हणतं की, सरकारी व अनुदानित शाळेत मंजूर शिक्षकसंख्येच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकाम्या राहू नयेत, आणि ही जबाबदारी नेमणूक करणाऱ्याची आहे. चार शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे 25 टक्के. म्हणजे छोट्या शाळेत एकही जागा रिकामी ठेवायला कायद्याने वावच नाही. आपल्या गावच्या शाळेची मोजदाद वाचकांनी स्वतःच करावी. निकाल 60 च्या खाली गेला म्हणून नोटीस काढायला मुख्यमंत्री बसतात. जागा 10 टक्क्यांच्या वर रिकाम्या राहिल्या म्हणून नेमणूक करणाऱ्या खात्याला कोण नोटीस काढणार, हे कुठल्याच परिपत्रकात सापडत नाही.

यात आणखी एक खोच आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीपाशी थांबतो आणि नोटिसा निघतात दहावीवर. जिथे मुलाला कायदेशीर हक्क आहे तिथे अधिकाऱ्याला धाक नाही, आणि जिथे अधिकाऱ्याला धाक आहे तिथे मुलाचा हक्क संपलेला. कर्नाटकात आठवीचा वर्ग बहुतेक ठिकाणी हायस्कूलला जोडलेला असल्याने एकाच इमारतीत एक वर्ग कायद्यात बसतो आणि दोन बाहेर राहतात.

मग पालकांनी करायचं काय? पहिलीपासून आठवीपर्यंतच्या शाळेसाठी दोन कलमं हाताशी आहेत. कलम 22 प्रमाणे शाळेच्या समितीने, म्हणजे आपल्या एसडीएमसीने, शाळा विकास आराखडा करायचा आणि अनुदान त्याच्या आधारावर द्यायचं. बऱ्याच आराखड्यांत कंपाउंड आणि रंगकाम असतं. रिकामं पद माध्यम आणि विषयासह लिहिलेलं क्वचित दिसतं. ते लिहावं. कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

नववी-दहावीसाठी हा रस्ता बंद. तिथे उरतो माहिती अधिकार. उपसंचालक कार्यालयाकडे एवढंच मागावं : माध्यमवार मंजूर पदं किती, भरलेली किती, अतिथी किती. उत्तराची मुदत 30 दिवस. मात्र कर्नाटकच्या नियमांत अर्ज 150 शब्दांपर्यंत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून माध्यमवार निकाल मागायचा असेल तर तो दुसऱ्या अर्जात. आणि कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये. मराठीत लिहून परत येण्याची वाट पाहू नये. घरात दहावीला बसलेली मुलगी असेल तर तिच्याकडूनच कन्नडमध्ये लिहून घ्यावा.