नावावरून पत्ता

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. माणसाच्या ध्यानात मात्र नाव राहते. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरील यंत्रांची नावे व पत्ते आरंभी एकाच यादीत नोंदवले जात. यंत्रे वाढली तशी ही यादी सांभाळणे दुष्कर झाले. तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही नोंद अनेक सर्व्हरांत वाटून देणारी पद्धत मांडली. तीच ‘डोमेन नेम सिस्टिम’ अर्थात डीएनएस होय.

क्लाउडमधील आभासी यंत्र म्हणजे प्रत्यक्ष संगणकाच्या शक्तीचा वेगळा काढलेला हिस्सा. अशी यंत्रे क्षणात उभी राहतात, क्षणात मोडली जातात व त्यांचे पत्ते बदलतात. म्हणून येथे नावाचे महत्त्व अधिकच वाढते. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर सेवेचे उदाहरण घेता येईल. तेथे आभासी जाळे उभारताच १६८.६३.१२९.१६ या पत्त्यावरील डीएनएस सेवा आपोआप मिळते. त्या जाळ्यातील यंत्रांच्या नावांवरून ती पत्ते सांगते; परंतु संस्थेच्या स्वतःच्या कार्यालयातील यंत्रांची खाजगी नावे तिला ठाऊक नसतात.

अशा वेळी व्यवस्थापक स्वतःचा डीएनएस सर्व्हर नेमतो. त्याचा पत्ता संपूर्ण जाळ्यासाठी किंवा एखाद्या यंत्राच्या नेटवर्क इंटरफेसपुरता नोंदवता येतो. दोन्ही नोंदी असल्यास इंटरफेसवरील नोंद ग्राह्य ठरते. या सर्व्हरला जी नावे ठाऊक नसतील, त्यांची विचारणा त्याने मूळ सेवेकडे पाठवावी अशी तजवीजही करावी लागते. अन्यथा एकाच जाळ्यातील शेजारची यंत्रे परस्परांना अनोळखी होतात. शिवाय, बदल नोंदवला म्हणजे तो चालू यंत्रापर्यंत पोहोचला असे नव्हे. ही माहिती यंत्राला डीएचसीपी पद्धतीने पत्त्याबरोबरच मिळते. म्हणून त्या पत्त्याचे नूतनीकरण करीपर्यंत, किंवा यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत, ते जुन्याच सर्व्हरला विचारीत राहते.

या बारीकसारीक गोष्टी क्षुल्लक नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील क्लाउड विभागात, स्वयंचलित व्यवस्थेतील दोषामुळे, डायनॅमोडीबी या माहितीसाठ्याच्या नावापुढील डीएनएस नोंद रिकामी झाली. साठा जागच्या जागी होता. त्याचा पत्ता तेवढा कोणाला मिळेना. तेवढ्यावरून अनेक देशांतील सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. यंत्र चालू असणे आणि ते सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व दुसरीची जबाबदारी डीएनएसवर असते.