वाजविणाऱ्याविना संगीत

रात्रीचे भोजन आटोपले की वसतिगृहाच्या नळापाशी ताटवाट्यांचा जो निनाद उठतो, तो येथे राहून गेलेल्या कोणासही विसरता यावयाचा नाही. आम्ही त्याला तेव्हा गोंगाट म्हणत असू. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात पॅरिस येथे एका कलादालनात भरलेल्या प्रदर्शनाची माहिती आमच्या वाचनात आली. तेथे पाण्यावर तरंगणारी वाडगी एकमेकांवर आपटून जो नाद होतो, तो ऐकावयास लोक कुंडाच्या काठी शांतपणे बसत होते. त्या प्रदर्शनाच्या निर्मात्याचा परिचय या स्मरणिकेच्या वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस वाटले.

सेलेस्त बूर्सिए-मूझनो यांचा जन्म १९६१ साली फ्रान्समधील नीस या शहरी झाला. त्यांचे शिक्षण संगीताचे. आरंभीची सुमारे दहा वर्षे त्यांनी एका नाट्यसंस्थेसाठी संगीतरचना केली. त्यानंतर ते रंगमंच सोडून कलादालनांकडे वळले. संगीताला आरंभ आणि शेवट असतो. त्यांना हवा होता तो सतत घडत राहणारा नाद, ज्याच्यात श्रोत्याने केव्हाही यावे आणि केव्हाही निघून जावे.

पॅरिसमधील बूर्स द कोमेर्स या जुन्या वर्तुळाकार इमारतीत, काचेच्या घुमटाखाली, त्यांनी अठरा मीटर, म्हणजे जवळजवळ साठ फूट, व्यासाचे निळे जलकुंड उभारले. त्यात लहानमोठी पांढरी चिनी मातीची वाडगी सोडली. पाण्यातील मंद प्रवाह ती वाडगी फिरवीत राहतो. फिरता फिरता ती एकमेकांना भिडतात आणि वाजतात. मोठ्या वाडग्याचा स्वर खालचा, लहानाचा वरचा. कोणते वाडगे कोणाला, केव्हा आणि किती जोराने भिडेल, हे कोणीही ठरविलेले नसते. त्यामुळे एकदा ऐकलेला स्वरक्रम पुन्हा तसाच ऐकू येईल, याची शाश्वती नाही.

आपल्याकडील जलतरंग आठवल्यास यातील भेद चटकन ध्यानी येतो. जलतरंगात पाणी वाडग्यात असते. ते अधिक घातले की स्वर उतरतो, आणि वादक हवा तो स्वर साधून काठीने वाजवितो. येथे वाडगेच पाण्यात आहे आणि वादक कोणीही नाही. या रचनेचे नाव 'क्लिनामेन'. प्राचीन रोमन कवी ल्युक्रीशिअस याने सरळ खाली पडणाऱ्या अणूंच्या मार्गात अकस्मात येणाऱ्या किंचित वळणास हा शब्द योजिला होता. ते वळण नसते तर अणू एकमेकांस भेटलेच नसते आणि सृष्टी झाली नसती, असे त्याचे प्रतिपादन होते.

१९९९ पासून त्यांनी पक्ष्यांसह केलेली रचना याहूनही प्रसिद्ध आहे. २०१० साली लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात तिच्यासाठी चाळीस झेब्रा फिंच पक्षी आणले होते. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, थव्याने राहणारा चिमुकला पक्षी. आपल्या शेताबांधावरील मुनियांच्याच कुळातला. दालनात विद्युत गिटारी आडव्या मांडलेल्या, आणि उलट्या ठेवलेल्या झांजांत दाणा-पाणी. पक्षी तारेवर बसला, उडाला, चोच घासू लागला की ध्वनिवर्धकातून स्वर उमटे. पाहुणा पुढे सरकला तर पक्षी उडत आणि स्वर पालटे. म्हणजे पाहुण्याचे चालणेही त्या संगीतात मिसळत असे.

२०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात, फ्रान्सच्या दालनात, त्यांनी मुळांवरील मातीच्या गड्ड्यासह चालते केलेले पाइन वृक्ष ठेवले होते. त्या वृक्षांच्या अंतरंगातील रसप्रवाहाच्या चढउतारांवर त्यांची हालचाल अवलंबून होती.

यावर आक्षेप येतो, तो आम्हांस दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही. पक्ष्याला गिटार ठाऊक नाही. त्याला बसावयास फांदी हवी असते. त्याच्या हालचालीला संगीत म्हणावयाचे आणि श्रेय मात्र कलावंतास द्यावयाचे, हे न्याय्य कसे? शिवाय माणसाच्या आनंदासाठी सजीवास दालनात ठेवणे करुणेशी कितपत सुसंगत आहे? पहिल्या प्रश्नास आमचे उत्तर असे की, वाडग्यांची निवड, पाण्याचा वेग, तारांची जुळवणी हे सर्व कलावंत अत्यंत काळजीने करतो आणि त्यानंतर हात आवरतो. हात आवरणे ही सोपी गोष्ट नाही. दुसरा प्रश्न मात्र आम्ही मोकळाच ठेवतो. आम्हांस वाडग्यांची रचना अधिक प्रिय आहे, त्याचे एक कारण हेही असावे.

ही रचना पाहावयास २०२५ साली पॅरिसला जाणे आपल्यापैकी फार थोड्यांस शक्य झाले असेल. परंतु एखादे मोठे घंगाळ पाण्याने भरावे, त्यात निरनिराळ्या आकारांच्या चारसहा हलक्या वाट्या सोडाव्यात, हाताने पाण्यास एकदा मंद गती द्यावी आणि हात काढून घ्यावा, इतके कोणत्याही घरी करता येईल. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत येण्याचा योग साधलाच, तर रात्रीच्या जेवणापर्यंत अवश्य थांबावे. नळापाशी ताटवाट्या आजही वाजतात.