कबड्डीतल्या बचावपटूची वाट : गावच्या पटांगणापासून लिलावापर्यंत

धानाची कापणी आटोपली आणि मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की भंडारा जिल्ह्यात कबड्डीचे सामनेही रंगू लागतात. टाळ्या बहुतेक चढाई करणाऱ्याच्या, म्हणजे समोरच्या संघाच्या भागात शिरून गडी बाद करू पाहणाऱ्याच्या, वाट्याला येतात. त्याला अडवणारे सात जण मात्र अनेकदा नजरेतून सुटतात. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी बचावात खेळत असेल, तर हा रस्ता कसा जातो आणि कुठे घसरतो, ते क्रमाने पाहू. खेळाची काहीच माहिती नसली तरी हरकत नाही.

आधी मैदान. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्याच्या मधोमध मध्यरेषा. तिथून ३.७५ मीटरवर निदान रेषा असते. चढाईपटूने किमान ही रेषा तरी ओलांडायला हवी किंवा कुणाला तरी शिवायला हवे, नाहीतर तो बाद. तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. एका चढाईला ३० सेकंद मिळतात.

आता जागा. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी आतले दोघे, मग दोन मध्यरक्षक, ज्यांना मैदानावर सगळे ‘कव्हर’च म्हणतात, आणि मधोमध एक. कोपरारक्षक पाय धरतो : घोट्याची पकड किंवा मांडीची पकड. कव्हर अंगाने अडवतो. परतीची वाट छातीने रोखली तर तो ब्लॉक, धावत येऊन मैदानाबाहेर ढकलले तर तो डॅश. नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी एका जागी कायमचे बसवू नये. उंची, पायांचा वेग आणि हातांची पकड पाहून वर्षभराने जागा ठरवलेली बरी.

यानंतर शिकायची ती साखळी, म्हणजे शेजाऱ्याचा हात धरून दोघांनी एकत्र सरकणे. इथे फार घोळ होतो. एकाने झेप घेतली आणि दुसरा जागेवरच राहिला, तर हात सुटतो आणि चढाईपटूला फट मिळते. पकड फसली आणि तो मध्यरेषेपर्यंत पोहोचला, तर त्याला धरायला गेलेले सगळेच बाद होतात. एका गुणासाठी तीन-चार गुण द्यावे लागतात. म्हणून सराव जोडीनेच करावा. डावा कोपरा आणि डावा कव्हर यांची जोडी दर आठवड्याला बदलणारा प्रशिक्षक दोघांचेही नुकसान करतो, असे माझे ठाम मत आहे.

सगळ्यात अवघड काम थांबण्याचे. तरुण बचावपटू ताकदीत कमी पडत नाही, तो घाईत कमी पडतो. चढाईपटू मुद्दाम पाय पुढे टाकून आमिष दाखवतो आणि आपला खेळाडू वेळेआधीच झेपावतो. खरी पकड सहसा तो परतायला वळला, त्याचा तोल एका पायावर आला, की होते. हे डोळ्यांना शिकवावे लागते. डाव्या कोपऱ्यावर खेळणारे महाराष्ट्राचे गिरीश ईर्नाक किंवा इराणचे फझल अत्राचली यांच्या लढतींची चित्रफीत लावा आणि ते पकड करत नसतात तेव्हा त्यांचे पाय काय करतात, तेवढेच बघा. ईर्नाक २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या भारतीय संघात होते. त्याच स्पर्धेत इराणने भारताला उपांत्य फेरीत हरवले. बचावाच्या जोरावर काय साधता येते, हे त्या सामन्याने सगळ्यांना दाखवले.

नियमही पक्के हवेत. तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कात्री घालणे चालत नाही. बाजूच्या एक मीटरच्या राखीव पट्टीत स्पर्श किंवा झटापट होण्याआधी पाय पडला, तर खेळाडू बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी जण उरले असताना पकड केली तर एक गुण जास्त मिळतो. तिला अव्वल पकड म्हणतात.

आता गावाबाहेर पडू. शाळेकडून खेळताना तालुका, जिल्हा, नागपूर विभाग आणि मग राज्य अशा पायऱ्या आहेत. संघटनेकडून खेळताना वाट वेगळी आहे. भंडाऱ्याचा खेळाडू जिल्हा संघटनेतून विदर्भाच्या संघात जातो, कारण राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. पालकांचा इथे हमखास गोंधळ उडतो. वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ किलोंची आणि महिलांना ७५ किलोंची मर्यादा असते. वजनाच्या आदल्या दिवशी उपाशी राहून, पाणी तोडून किलो उतरवू देऊ नका. दुसऱ्या दिवशी पायात जोर राहत नाही.

मातीवर वाढलेल्या खेळाडूला मॅटवर पहिल्यांदा जपावे लागते. मातीत पाय घसरतो, मॅटवर तो चिकटतो आणि गुडघ्याला पीळ बसतो. त्यात गुडघ्याचा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, फाटू शकतो. बूट कबड्डीचेच घ्यावेत आणि मोठ्या स्पर्धेआधी मॅट असलेल्या ठिकाणी काही आठवडे सराव करावा. गुडघा सुजला तर चोळून पुन्हा उतरवू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. बचावपटूचे आयुष्य गुडघे, खांदे आणि बोटे यांवर चालते.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली आणि पैशाचे गणित बदलले. खेळाडू लिलावातून संघात जातात. २०२३च्या लिलावात सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले आणि तो हंगाम जिंकलाही. शादलू बचावातलाच. पण हा करार हंगामांपुरता असतो. एका दुखापतीने पुढचा लिलाव हुकतो. या भरवशावर शिक्षण सोडायला लावणाऱ्याचे ऐकू नये.

जास्त खात्रीची वाट नोकरीची आहे. रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या आणि बँका खेळाडूंना घेतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतही गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. आणि इथेच अनेकांचे घोडे अडते. दहा वर्षे खेळलेल्या मुलाकडे ट्रॉफींचे कपाट असते, पण ग्राह्य प्रमाणपत्र नसते. गावच्या खुल्या सामन्यांतले बक्षीस आरक्षणासाठी धरले जात नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शासनाच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र हवे, तेही क्रीडा विभागाकडून पडताळून घेतलेले. नाव, जन्मतारीख, आडनावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, हे प्रमाणपत्र हातात पडताच तपासा. शंका असल्यास भंडाऱ्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून ही दुरुस्ती वेळेत होईलच असे नाही.

तिशीनंतर पाय मंदावतात, नजर मात्र तयार झालेली असते. चांगला कोपरारक्षक म्हणूनच चांगला प्रशिक्षक होऊ शकतो. त्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रशिक्षण अभ्यासक्रम आहेत. पंच व्हायचे असेल तर संघटना परीक्षा घेतात, आणि त्या परीक्षेला खेळत असतानाच बसलेले चांगले.