ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचे आवाज

सोलापूरच्या सात रस्त्याच्या परिसरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात तासभर बसलं, तर चार भाषा कानावर पडतात. पूर्व भागातली विडी वळणारी बाई घरच्यांशी तेलुगूत बोलते. इंडी, आळंद, अफझलपूरहून आलेली मंडळी कानडीत. कुणी उर्दूत डॉक्टरांना दुखणं सांगतं, तर मोहोळ-मंगळवेढ्याकडचा शेतकरी मराठीत. ऑपरेशन ठरलं की या सगळ्यांच्या पुढे एकच छापील कागद येतो. नर्स बोट ठेवून दाखवते, "इथं सही करा." अंगठा उठतो, नाहीतर सही होते. कागदोपत्री पेशंटने संमती दिलेली असते.

ती खरोखर दिली का, हा वैद्यकीय नीतीतला पहिला प्रश्न आहे आणि सोलापूरसारख्या बहुभाषिक शहरात तो सर्वांत आधी पडायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये एका निकालात हा मुद्दा स्पष्ट केला. एक महिला तपासणीसाठी भुलेखाली असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोष काढले गेले होते. न्यायालयाने सांगितलं की, सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या पेशंटच्या वतीने आई संमती देऊ शकत नाही. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. आणि उपचार कशासाठी, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, हे पेशंटला कळेल अशा रीतीने सांगितलं पाहिजे. तेलुगू बोलणाऱ्या बाईला मराठी किंवा इंग्रजी कागद कळेल अशा रीतीने सांगणं म्हणजे काय, याचं उत्तर एकट्या डॉक्टरांना देता येणार नाही. त्यासाठी दुभाषा लागतो, वेळ काढणारी परिचारिका लागते, समाजसेवा अधीक्षक लागतो.

सोलापूरकरांना डॉक्टरी नीती म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि ते योग्यच आहे. या शहरात 1910 साली जन्मलेला हा तरुण 1938 मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच गेला. त्यांच्याविषयीचा आदर मनात ठेवूनच मी म्हणतो की, नीतीचा प्रश्न एकट्या माणसाच्या थोरवीवर सोडून भागत नाही. महाराष्ट्रातली गेल्या चाळीस वर्षांतली मोठी प्रकरणं काढून पाहिली, तर चांगले डॉक्टर प्रत्येक वेळी होते. गोष्ट पुढे सरकली ती मात्र डॉक्टरांखेरीजचे लोक बोलू लागले तेव्हा.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचं प्रकरण घ्या. 1986 च्या सुरुवातीला मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी पेशंटना तोंडावाटे ग्लिसरॉल दिलं गेलं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन मिसळलेलं होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन 14 जण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने एखाद्या डॉक्टरला दोषी धरून विषय मिटवला नाही. खरेदीचा ठेका, रुग्णालयाचं प्रशासन, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय अशी सगळी साखळी त्यांनी उघडी केली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. औषधाची बाटली पेशंटच्या हाती येईपर्यंत किती जणांनी डोळेझाक केली, हे एका न्यायाधीशाने मांडलं, म्हणून आपल्याला कळलं. 2025 च्या शरद ऋतूत मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली, त्यांतली अनेक नागपुरात उपचार घेताना. त्या औषधातही हेच विष सापडलं. लेंटिन अहवाल वाचलेल्या कुणालाही ती बातमी वाचून संताप येईल.

डॉक्टरांनी बाहेरच्यांना बोलावल्याचंही एक उदाहरण आहे आणि ते मुंबईचं आहे. 1992 च्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या निवडणुकीत नीतीचा मुद्दा घेऊन काही डॉक्टर उतरले. त्यातून 'फोरम फॉर मेडिकल एथिक्स' ही संस्था आकाराला आली आणि 1993 पासून त्यांचं नियतकालिक निघू लागलं. डॉ. सुनील पंड्या, डॉ. अमर जेसानी ही त्यातली ठळक नावं. आज ते 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' म्हणून ओळखलं जातं. त्याचं वेगळेपण असं की त्यात शल्यविशारदाच्या शेजारी वकील लिहितो, समाजशास्त्रज्ञ लिहितो, परिचारिका लिहिते, रुग्णहक्कांचं काम करणारा कार्यकर्ताही लिहितो. या चर्चेतलं मराठीत फार थोडं आलं, याची मला मनापासून खंत आहे.

परिचारिकांचा आवाज किती मोलाचा असतो, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयात दिसलं. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला आणि पुढची 41 वर्षं त्या अंथरुणावर होत्या. त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, म्हणून पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. केईएमच्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. एकीमागून एक पिढी त्यांना अंघोळ घालत, भरवत आली होती. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली, अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नसून केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं म्हटलं, पण त्याच निकालात कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग देशात पहिल्यांदा खुला केला. 18 मे 2015 रोजी अरुणा गेल्या. 2018 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि 'लिव्हिंग विल', म्हणजे असे उपचार नकोत ही आधीच लिहून ठेवलेली इच्छा, दोन्ही मान्य केले, आणि 2023 मध्ये ती प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. शेजारच्या कर्नाटक सरकारने 2025 च्या जानेवारीत याबाबतचा आदेश काढला. अतिदक्षता विभागाबाहेर जमीन विकायची की व्हेंटिलेटर काढायचा, अशा पेचात अडकलेल्या कुटुंबांना हा कायदा माहीत नसतो. तो सांगणं हेही डॉक्टरचं काम आहे, असं माझं मत आहे.

आता आपल्या अगदी दाराशी आलेली गोष्ट. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळी उरकली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या इकडे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस चुकला की खाडा पडतो, म्हणजे दंड. फडात ना शौचालय ना पाणी, आणि पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून बाई दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते, कॅन्सरची भीती घातली जाते आणि सांगितलं जातं, "पिशवी काढून टाका." तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. 2019 मध्ये ओरड झाल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे जवळजवळ दर सहांमागे एकीचं. अकाली पाळी गेली की हाडं ठिसूळ होतात, कंबर जाते, आणि त्याच कमरेवर घर चालत असतं.

इथे दोषी कोण? कर्ज काढून ऑपरेशन करायला लावणारा डॉक्टर दोषी आहे, यात मला शंका नाही. पण खाडा लावणारी मजुरीची पद्धत, फडात मोरीही न बांधणारा कारखाना आणि वेळेवर साधा उपचार न देऊ शकलेलं सरकारी आरोग्य केंद्र, हे सगळे त्या ऑपरेशन टेबलाभोवती उभे आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञाइतकंच कामगार कायदा जाणणारा माणूस आणि अर्थशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसल्याशिवाय हे दुखणं कळत नाही. बीडमध्ये त्यानंतर अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. ज्या जिल्ह्यात या बायका सहा-सहा महिने राबतात, त्या सोलापूरनेही आपली नोंद तपासावी.

पैशाबद्दल बोलायला डॉक्टर मंडळी बिचकतात, पण काहींनी धैर्याने तोंड उघडलं. लासलगावला वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉ. अरुण गद्रे यांनी 78 डॉक्टरांशी बोलून 'कैफियत' हे पुस्तक केलं. पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारा 'कट', नको त्या तपासण्या, कॉर्पोरेट रुग्णालयातलं टार्गेट, सगळं त्यात डॉक्टरांच्याच तोंडून आलं. कट घ्यायचा नाही असं ठरवलेल्या तरुण डॉक्टरकडे कुणी पेशंट पाठवत नाही, ही त्याची कोंडी समाजाला कळली पाहिजे. दवाखाने फोडणाऱ्या जमावाने तर ती जरूर समजून घ्यावी. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा राज्यात 2017 मध्ये तयार झाला; त्याचा कायदा काही झाला नाही.

जे कायदे आहेत ते तरी वापरावेत. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही योजना उच्च न्यायालयाने 2006 मध्येच घालून दिली. खासगी रुग्णालयांनी दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, हा राज्याचा नियम 2021 चा आहे. पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी आणि आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना 2012 मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं.

या शहरात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिव्हिल रुग्णालय आहे, अश्विनीसारखं सहकारी रुग्णालय आहे, विडी कामगारांच्या जुन्या संघटना आहेत, वकील आहेत. डॉक्टर, परिचारिका, वकील, कामगार आणि पेशंट यांची महिन्यातून एकदा खुली बैठक इथे सुरू व्हावी, आणि ती मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चारही भाषांत चालावी. पहिल्या बैठकीचा विषय संमतीपत्र असावा, आणि ते चारही भाषांत तयार करूनच लोकांनी उठावं. वाचकहो, पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की भिंतीवर दरफलक आणि हक्कांची सनद शोधा. दिसली नाही तर विचारा, आणि सही करण्याआधी कागद वाचून दाखवायला सांगा.