सेल्फ-टायमर का अडतो?

मोबाईल येण्यापूर्वीच्या सामूहिक छायाचित्रांत फोटो काढणारी व्यक्ती बहुधा गैरहजर असे. ती हजर असेल, तर ते श्रेय सेल्फ-टायमरचे. काही कॅमेऱ्यांत तो आतच बसवलेला असे. इतरांसाठी जर्मनीच्या 'हाका ऑटोक्निप्स'सारखे सुटे टायमर मिळत. चावी दिलेला टायमर केबल रिलीजची दांडी ढकलतो आणि शटर उघडते. अशी साधने अनेक घरांच्या आणि शाळांच्या कपाटांत आजही पडून आहेत. 'बिघडले' म्हणून ती भंगारात जाण्यापूर्वी बिघाड नेमका कोठे आहे, हे शोधणे हा वर्गासाठी उत्तम प्रयोग आहे.

टायमरचे काम घड्याळासारखे चालते. स्प्रिंगमध्ये साठवलेली ऊर्जा दंतचक्रांच्या साखळीतून शेवटच्या चक्रापर्यंत जाते. तेथे मागेपुढे हलणारा छोटा अडसर एका वेळी एकच दात सोडतो. त्याचीच ती 'खर्र' अशी टिकटिक. हा अडसर नसता तर स्प्रिंग क्षणात उलगडली असती. त्याच्यामुळे साधारण दहा सेकंद मिळतात.

आता साखळीकडे पाहू. शेवटचे चक्र पहिल्याच्या शंभरपट वेगाने फिरत असेल, तर त्याला मिळणारे फिरवण्याचे बळ शंभरावा भाग, घर्षणामुळे त्याहूनही कमी असते. म्हणून पहिल्या चक्राला न जाणवणारी धूळ शेवटच्या चक्राला थांबवते. त्यातच बोरिवली असो की मुलुंड, आपल्याकडची हवा पावसाळ्यात फार दमट असते. सांताक्रूझच्या वेधशाळेत जुलैमधील सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असते. जुने ग्रीस वर्षानुवर्षे हवेच्या संपर्कात घट्ट होते आणि पोलादी भागांवर गंज चढतो.

तपासणीचा पहिला नियम असा : टायमर कॅमेऱ्यापासून वेगळा करून चालवावा. तो एकटा नीट चालला आणि कॅमेऱ्यावर बसवल्यावर शटर पडले नाही, तर दोष जोडणीत किंवा शटरमध्ये आहे. केबल रिलीज बोटाने दाबून शटर उघडते का, ते पाहावे. उघडत असेल, तर टायमरची दांडी पुरेशी पुढे सरकत नाही, एवढाच निष्कर्ष निघतो.

टायमर एकटाही अडत असेल, तर कोठे अडतो ते महत्त्वाचे. मोबाईलवर टिकटिक ध्वनिमुद्रित करून प्रत्येक वेळी तो कितव्या टिकेला थांबला, याची दहा वेळा नोंद करावी. दरवेळी एकाच ठिकाणी थांबत असेल, तर वाकलेला दात किंवा दातात अडकलेला कण असण्याचा संभव अधिक. जागा बदलत असेल, तर घट्ट ग्रीस किंवा पसरलेली धूळ यांचा संशय घ्यावा. पहिल्या खेपेपेक्षा पाचवी खेप लवकर संपली, तर ग्रीसवरचा संशय बळावतो, कारण चक्रे फिरू लागली की ग्रीस थोडे सैल होते. चावी मुळीच विरोध न करता फिरली, तर स्प्रिंग तुटली किंवा सुटली आहे. अशा वेळी ते साधन कारागिराकडेच द्यावे.

एक मोह मात्र टाळायला हवा, तो तेल सोडण्याचा. तेल त्या वेळेपुरते काम करते. पण ते केशाकर्षणाने फटींतून पसरते, धूळ धरून ठेवते आणि आतल्या टायमरमध्ये घातले असेल तर शटरच्या पातळ पात्यांपर्यंत पोचते. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात, तशी ही पाती चिकटतात आणि साधा बिघाड मोठा होतो. कारागीर वापरतात ते पेट्रोलसारखे द्रावक ज्वालाग्राही असते, म्हणून वर्गात ते आणू नये.

कॅमेऱ्यातच बसवलेला टायमर अडखळत असल्याची शंका असेल, तर त्याची चावी चढवूच नये. तो मध्येच थांबला, तर अनेक जुन्या कॅमेऱ्यांचे शटरही अडकून बसते. टायमर न वापरता त्यांनी उत्तम फोटो काढता येतात.

साधन ठेवताना चावी उतरवून ठेवावी. चामड्याचे आवरण ओल धरते आणि बुरशीला आसरा देते, म्हणून ते वेगळे ठेवावे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यात ती अधूनमधून बदलावी. घाटकोपरच्या एखाद्या शाळेतही एवढे सहज करता येईल. दुरुस्ती साधली नाही, तरी एका वेळी एकच शंका तपासायची, ही सवय विद्यार्थ्यांच्या हाती राहते.